आधी तूप, मग टायर

यांजमाबाईंना चूल कोणी शिकवली नाही; ती त्यांच्या पाठीवर वाढली. पाऊल नीट पडू लागले तेव्हापासून पाठीला टोपली आणि हातात दाताळे. जनावरांच्या मागून माळभर फिरावे, वाळलेली रानशेणी दाताळ्याने उचलावी आणि वळूनही न पाहता खांद्यावरून मागच्या टोपलीत टाकावी. घोड्याची शेणी भडकते आणि लगेच विझते, गाईची हळू पेटते पण घर सांभाळते, मेंढवाड्यातला तुडवून दगड झालेला थर कुऱ्हाडीने फोडावा लागतो पण त्याच्या निखाऱ्यावर हाडेसुद्धा मऊ शिजतात: हे सारे ज्ञान त्यांना अक्षरांच्या आधी झाले.

पुढे त्या शिक्षिका होण्यासाठी राजधानीला, उलानबातरला गेल्या. तिथे हिवाळ्यात शहरावर चुलींच्या धुराचे जे आभाळ उतरत असे, त्याला आभाळ म्हणणे हा आभाळाचा अपमान होता. ज्या घरी त्या राहत, त्या घरातले तान्हे मूल ऑक्टोबरात खोकू लागे ते वसंत आला तरी खोकतच असे. यांजमाबाई पदवी घेऊन गावी परतल्या, तेव्हा तो खोकला कानात घेऊनच परतल्या. पुस्तकात ‘ऊर्जेची साधने’ हा धडा दोन-चार पानांचा. बाईंना तो शिकवायला अख्खा हिवाळा अपुरा पडे.

“तुझ्या घरी दिवा कशावर लागतो?” त्या विचारत.

“सूर्यावर, बाई. छतावर काच आहे.”

“टीव्ही?”

“तोही सूर्यावर.”

“आणि ढग आले की?”

“मग आजोबा गातात, बाई.”

वर्ग हसे, बाईही हसत आणि फळ्यावर लिहीत: सूर्य, वारा, कोळसा, शेण, आजोबा.

नवरा वारल्यापासून बाईंचे घर दोल्गोर आजींच्या कुंपणात उभे होते. आजींचे मोठे गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्यांचे गोल तंबूघर, पुढे, बाईंचे धाकटे गेर मागे. मधल्या वाटेवरून चहाची किटली इकडून तिकडे जाई आणि तिकडून इकडे येई. गावात रानशेणीचा सर्वांत मोठा ढीग आजींचा, आणि रोज संध्याकाळी त्यातली एक टोपली बाईंच्या दाराशी न मागता येऊन बसत असे. आजी त्यांना “यांजा, बाळ” म्हणत. आजींची नात खालियून शाळेसाठी आजीजवळ राहायची. तिचे आईबाप कळपाबरोबर माळावर. ती बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसे आणि घरी येऊन बाईंचा शब्द न् शब्द आजीला ऐकवी.

त्या वर्षी उन्हाळ्यात गवत उगवलेच नाही. जनावरे कमी झाली, तशी शेणीही कमी झाली. कोळसा लांबून यायचा आणि वाटेत अडायचा. त्या रिकाम्या जागेत गोन्चिगचा ट्रक शिरला. गोन्चिग परगावाहून जुने टायर आणी, कोयत्याने त्यांचे हातभर तुकडे करी आणि दारोदार विके. रबर भसकन पेटे, घर पटकन तापे. संध्याकाळी गावातली निम्मी धुराडी काळ्या दोरासारखा धूर सोडू लागली, आणि शाळेच्या वसतिगृहातून यांजमाबाईंना पुन्हा तोच खोकला ऐकू येऊ लागला.

तेव्हा बाईंनी ठरवले की हा धडा डोळ्यांनी दाखवायचा.

शाळेच्या अडगळीतून त्यांनी एक जुनी लोखंडी चूल काढून पटांगणात मांडली. ही चूल कोणाच्या घरची नाही, असे त्यांनी मनाशी म्हटले. लोखंड आहे, धुराडे आहे, एवढेच. एकच पातेले, प्रत्येक वेळी सारखाच बर्फ आणि धुराड्याच्या तोंडावर धरायला जुन्या चादरीचे पांढरे तुकडे. आधी शेणी, मग कोळसा, मग टायर. पाणी किती वेळात उकळते ते मुलांनी पाहायचे आणि कापड काय म्हणते ते वाचायचे.

शेणी पेटली. ज्वाळेने मान वर काढली, आणि त्याच क्षणी खालियूनने अंगरख्याच्या आतून कागदाची पुडी काढली. पुडीत तूप होते.

“बाई, पहिला घास?”

बाईंनी विचार केला नाही. विचार करण्याआधीच त्यांचा हात पुढे झाला, कारण तो हात त्यांच्या आईचा होता आणि आईच्या आईचा होता. बोटावर तूप घेऊन त्यांनी ज्वाळेत सोडले. गुरू आणि शिष्या दोघींच्या ओठांवर एकच आशीर्वाद पुटपुटला गेला. मुलांनी आपापल्या टोप्या नीट केल्या. तूप चुरचुरले, ज्वाळा हसून उंच झाली. आणि जे क्षणापूर्वी लोखंड होते, ते आता घर झाले. अग्नीची देवता, चुलीतली आई, त्यात येऊन बसली.

शेणीचे कापड पिवळसर निघाले. कोळशाचे मातकट. मग यांजमाबाईंनी चिमट्यात टायरचा तुकडा धरला आणि चुलीत घातला.

पांढरे कापड क्षणात काळे झाले. धूर पटांगणावर लोळू लागला. मुले हसत होती, ती गप्प झाली. बाईंना वाटले, धडा पोहोचला. धडा पोहोचलाच होता. पण मुलांनी कापडाकडे पाहिलेच नव्हते. सारी मुले चुलीकडे पाहत होती.

अहो, अग्नीसारखे भोळे दैवत नाही. तो निवड करत नाही, नकार देत नाही, तोंड वाकडे करत नाही. तूप द्या, तूप घेतो. घाण द्या, घाण घेतो. जो नाही म्हणू शकत नाही, त्याला जपणे देणाऱ्याच्या हातात असते. त्या दिवशी देणारा हात चुकला.

खालियून राखेसारखा चेहरा करून घरी आली. तिने आजीला सगळे सांगितले, आणि दिवस मावळेपर्यंत तिला ताप भरला.

सकाळी बाईंच्या दारावर काठी आपटली.

“बाहेर ये, मास्तरीणबाई.”

यांजा नाही, बाळ नाही. बाई बाहेर आल्या.

“आजी, खालियून कशी आहे?”

“तिचं नाव तुझ्या तोंडात नको. तूप कोणी टाकलं?”

“मी.”

“आणि रबर?”

“मीच.”

“त्याच हातानं?”

बाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिले.

“दारातून हाक मारून पाहुणीला आत घेतलंस, मानाच्या जागी बसवलंस आणि तिच्या ताटात पायताण वाढलंस! तेही माझ्या नातीच्या तुपानं बोलावून. आता ती रुसली ती कोणाच्या घरावर रुसेल? तुझ्या? तुझ्या घरात तिनं रुसावं असं आहे तरी कोण?”

हा घाव होता, आणि तो नेमक्या जागी बसला. कुंपणापलीकडून बायका ऐकत होत्या, त्यांच्यापैकी कोणी खाली पाहिले नाही.

“नव्या वर्षाच्या सणाआधी माझ्या कुंपणातून घर हलव,” आजी म्हणाल्या. “आणि त्या ढिगातली एक शेणी जरी उचललीस, तर हात मोडीन.”

दोन दिवसांनी शाळेत पालक जमले. मुख्याध्यापक पुरेवजाव ज्या बाजूला चूल जास्त तापलेली असेल त्या बाजूला हात शेकणारा माणूस. त्यांनी खुर्ची पालकांच्या बाजूला लावून घेतली होती. खालियूनचा ताप उतरला होता, पण पहिले बाक रिकामे होते, आणि त्याच्या मागची बाकेही.

गोन्चिग उठला. “बाई मुलांना सांगतात, टायरचा धूर विष आहे. माझा बाप टायरवर शेकला आणि म्हातारा होऊन मेला!”

“तुझ्या बापाकडे घोडा होता, गोन्चिग,” बाई म्हणाल्या. “घोड्याला टायर कुठून आलं?”

कोणीतरी हसले, शेजारच्याने कोपर मारल्यावर गप्प झाले.

“जीभ फार चालते,” गोन्चिग म्हणाला. “चुलीत घाण घालणाऱ्या बाईकडे आमची पोरं काय शिकणार?”

“घाण?” बाई उभ्या राहिल्या. “संध्याकाळी मी तुमची धुराडी बघते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या चुलीत रोज टायर जळतं. वसतिगृहात पोरं खोकतात, ती कोणाच्या धुरानं? चुलीतल्या आईचा अपमान काय मी एकटीनंच केला?”

खोलीत चुळबुळ झाली. मग दोल्गोर आजी काठीवर भार देऊन उठल्या.

“जाळतो,” त्या म्हणाल्या. “थंडी हाडात शिरली की जाळतो, आणि लाजून जाळतो. पण ज्या दिवशी रबर जाळतो, त्या दिवशी तिला तूप घालत नाही. हाक मारत नाही. तोंड फिरवून जाळतो. मास्तरीणबाई, तू हाक मारून जाळलंस.”

मोठमोठी उत्तरे यांजमाबाईंजवळ होती. पण हे वाक्य खरे होते, आणि खऱ्या वाक्याला उत्तर द्यायचे नसते, ते घ्यायचे असते.

पुरेवजाव खाकरले. “बाई, प्रकरण वाढवू नका. दोनच वाक्यं बोला. एक, माझी चूक झाली. दोन, टायरचा धडा पुन्हा घेणार नाही.”

“पहिलं वाक्य आत्ता बोलते,” बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही तळवे वर केले आणि मान लववली. “माझी चूक झाली. बोलावून अपमान केला. अग्नीची क्षमा मागते, खालियूनच्या तुपाची क्षमा मागते.” मग मान वर झाली. “दुसरं वाक्य मेले तरी बोलणार नाही.”

“मग मरा थंडीत,” गोन्चिग म्हणाला.

मुख्याध्यापकांनी घसा पुन्हा साफ केला. “पांढऱ्या महिन्याचा, नव्या वर्षाचा सण झाला की पुन्हा शाळा भरेल. तेव्हाही तुमची बाकं रिकामी राहिली, तर मी वरती कळवून दुसरा शिक्षक मागवीन. मग तुम्हाला गाव सोडावं लागेल.”

असे ते ठरले. एका बाजूला अख्खे गाव, दुसऱ्या बाजूला एक विधवा आणि तिची रिकामी बाके.

बाई रोज वर्गात जात, फळा पुसत, तारीख लिहीत आणि घंटा होईपर्यंत बसून राहत. एका दुपारी त्यांनी पटांगणातली ती चूल वाळूने घासली, राखेने घासली, दुधाने पुसली, जुनिपरच्या सुगंधी पाल्याची धुरी दिली आणि स्वतःजवळचे तूप तिला वाहिले. खिडक्यांतून डोळे पाहत होते. कोणी बाहेर आले नाही.

मग शेणीचे हाल सुरू झाले. आजींनी गावात शब्द टाकला होता, आणि आजींचा शब्द म्हणजे कुंपण. ज्या घरी मागावे तिथे “आमचीच संपली” असे ढिगासमोर उभे राहून उत्तर मिळे. एकीने तर बाई वाटेने येताना दिसताच राखेची बादली नेमकी वाटेवरच उलटली. ऊर्जेची साधने शिकवणाऱ्या बाईंच्या घरात ऊर्जा म्हणून स्वतःचा श्वासच काय तो उरला! त्यांनी खुंटीवरची टोपली पाठीला लावली, दाताळे उचलले आणि लहानपणी निघत तशा माळावर निघाल्या. बर्फाखाली शेणी गोठून जमिनीला चिकटलेली असे. टाचेने मारून सोडवावी लागे. घरी आणली तरी ती ओलीच असे आणि पेटण्याआधी रडत असे.

वाटेत वर्गातली मुले भेटत. ती आकाशाकडे पाहत पुढे जात.

सण दोन दिवसांवर आला, तेव्हा बाईंचा दीर माळावरून उंट घेऊन आला. दोघांनी दोर सोडले, नमदे उतरवले, भिंतींच्या जाळ्या मिटल्या. आजींचे दार बंद होते. धुराड्यातून मात्र धूर निघत होता, निळसर, शेणीचा. बाईंनी सवयीने तो वाचला आणि नजर काढून घेतली.

कोरड्या नदीपलीकडे, जिथे वारा अडवायला काहीच नाही अशा जागी त्यांना जागा मिळाली. जाळ्या उभ्या राहिल्या, छताचे चाक वर गेले, नमद्यांवर दोर आवळले गेले. कळप एकटा होता म्हणून दीर दिवस कलण्याआधीच निघून गेला.

या मुलखात घर हलवणाऱ्याला चहा न्यावा लागतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मोडलेल्या घराची चूल थंड असते, म्हणून दुसऱ्या घराची चूल किटलीत बसून चालत येते. भांडण असो, वैर असो, एकमेकांचे नावही घेत नसोत. दोर आवळला जाताना दिसला की किटली निघाली पाहिजे. बाई दारात उभ्या राहून नदीपलीकडे पाहत होत्या. धुराडी दिसत होती. किटली दिसत नव्हती.

त्या आत येऊन चुलीसमोर बसल्या. ओल्या शेणीला काडी लावली. शेणीने धूर केला आणि काडी विझली. दुसरी लावली. तीही विझली. तेव्हा प्रथमच त्यांच्या मनात आले, की सणाची वाट तरी कशाला पाहायची? उद्याच गाव सोडावे.

“कुत्रा धर!” बाहेरून आवाज आला.

बाईंनी दार उघडले. दोल्गोर आजी उभ्या होत्या. हातात जुन्या नमद्यात गुंडाळलेली किटली, पाठीला शेणीची टोपली, धापा टाकत.

“माझ्याकडे कुत्रा नाही, आजी.”

“ठाऊक आहे. दाराशी आलं की म्हणायची रीत आहे, म्हणून म्हटलं. बाजूला हो.”

आजी आत आल्या. मानाच्या जागी बसल्या नाहीत. दाराशीच बसल्या, उठून जायला सोपे पडावे म्हणून. किटली दणकन खाली ठेवली.

“मी तुला माफ केलेलं नाही.”

“कळतंय.”

“घर उभं राहिलं आणि चहा आला नाही, असं या गावात घडलं तर नाव माझं जाईल. तुझं जायचं काही उरलेलं नाही.” त्यांची नजर चुलीत गेली. “हे काय? एवढं शिकवतेस आणि ओली शेणी पेटवतेस?”

“कोरडी कोणी देईना. तुम्हीच बंद केली.”

“मीच केली,” आजी म्हणाल्या आणि टोपली चुलीशी उलटी केली. वर्षाची वाळलेली, हलकी, पापडासारखी वाजणारी शेणी. एका काडीत पेटली. घर उजळले. आजींनी कमरेची डबी काढून बाईंपुढे धरली. डबीत तूप होते, पण बाईंनी हात पुढे करताच आजींनी डबी मागे घेतली.

“आधी सांग. हिच्यात काय घालशील?”

“जे माझ्या तोंडात घालीन ते.”

“आणि शाळेत?”

“धडा पुन्हा घेणार, आजी. पत्र्याच्या पिंपात, उघड्यावर. तूप न घालता, हाक न मारता. पण मुलांना तो धूर दाखवणार.”

“दगड आहेस!” आजी फिस्कारल्या. “डोक्याच्या जागी दगड. तुझ्यामुळे माझ्या घरात काय चाललंय, ठाऊक आहे?”

“काय?”

“ती कार्टी! ताप उतरला तशी चुलीपुढे ठाण मांडून बसली. परवा शेणी वाचवावी म्हणून मी फाटक्या बुटाचा तळवा घालायला गेले, तर ही तूप घेऊन आडवी आली. मी पोचायच्या आत टाकलंसुद्धा! आणि म्हणते, आजी, आता बोलावलंय तिला, आता घाल बघू बूट.” आजींनी जमिनीवर काठी आपटली. “दिवसभर बूट मांडीवर घेऊन बसले मी. रोज पहाटे माझ्या आधी उठते आणि तूप टाकून मोकळी होते. घालायचं कसं रबर?”

यांजमाबाईंनी चटकन तोंड चुलीकडे वळवले.

“हसू नकोस.”

“हसत नाही, आजी.”

“शेजारच्या पोरींनाही तीच खोड लावलीये. घराघरांतून कार्ट्या पहाटे उठून तूप ओततायत. गोन्चिगचा ट्रक चौकात उभा आहे, कोणी तुकडा घेईना. तो तुला ज्या शिव्या देतोय त्या मी या वयात पहिल्यांदा ऐकल्या.” आजींनी डबी बाईंच्या हातात कोंबली. “सण झाला की ती वर्गात येईल. बाकीच्याही येतील. घरात बसवून ठेवायची आमची ऐपत नाही, सगळ्यांचं तूप संपत आलंय.”

बाईंनी बोटावर तूप घेतले. तूप ज्वाळेत उतरले, ज्वाळा उंच झाली, आणि त्या चार वितींच्या उजेडात चुलीतली आई येऊन बसली. न विचारता, न रागावता, जशी ती नेहमी बसते. दोघींनी ओठ हलवले, पण एकमेकींकडे पाहिले नाही.

आजी उठल्या. “टोपली परत पाठव. ती तुला दिलेली नाही.”

“आजी, चहा तरी घ्या.”

“माझाच चहा मला पाजतेस?” आणि त्या निघून गेल्या. दार त्यांनी लावले नाही. बाईंनाच उठून लावावे लागले.

बाईंनी वाडगा भरला. इथला चहा मिठाचाच, पण यात मीठ मुद्दाम इतके घातले होते की पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आले. त्यांनी तो वाडगा संपवला आणि दुसरा भरून घेतला.